वन्संची खाली बसवलेली गाडी

सोमवार, ९ ऑक्टोबर. ढगाळ. दूध उशिरा आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी सकाळची. जेवताना वन्सं म्हणाल्या, गाडी खाली बसवून घेणार, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. मी विचारलं, कुणाची? म्हणाल्या, माझीच, तुमच्याकडे आहे कुठे? भांडी त्यांनी घासली.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. सासऱ्यांनी घर दोघा भावंडांना निम्मं निम्मं दिलं, त्यामुळे ह्यांच्या माघारी पुढच्या दोन खोल्यांत मी आणि मागच्या दोन खोल्यांत त्या, असा संसार चालला आहे. स्वयंपाकघर मध्ये आहे आणि तेच रणांगण. आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो. ते आदरापोटी नाही. अगं-तुगं केलं असतं तर कधीच हाणामारी झाली असती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, रागावले तरी आवाज चढवत नाही. वन्संना माझ्या रागापेक्षा त्याचाच संताप येतो.

त्यांनी लग्न केलं नाही. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. डोक्यावर पाटी मिरवणारी छोटी गाडी, डाव्या सीटवर वन्सं, आणि त्यांच्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि पसंतही असावं, कारण ब्रेक त्या अगदी मन लावून मारत. कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. परीक्षा पास झालेला कुणी आभार मानायला आला, तर म्हणत, "आभार राहू द्या, आरसा बघत जा."

मग वयामुळे वर्ग बंद केले. पाटी उतरवली, टपावर स्क्रूची भोकं राहिली. दुसरा ब्रेक मात्र काढला नाही. गाडी चालवायची नसेल तेव्हा त्या अजूनही डाव्याच सीटवर बसतात. गाडी अंगणात उभी असते, पेपर त्या तिथे बसून वाचतात, मी दारात दिसले की काच वर करतात.

त्या गाडीवाचून माझं चालत नाही. माझ्या डाव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. चुकवलं तर त्या डोळ्याची नजर जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे. औषध घातल्यावर दिवसभर सगळं धूसर दिसतं. अशा वेळी परक्याच्या गाडीत एकटीने बसायची मला भीती वाटते. मुलगा परगावी असतो. आणि गुडघे असे, की खुर्चीवरून उठता येतं, पाटावरून नाही. वन्संना हे सगळं ठाऊक होतं.

"आणि माझे गुडघे?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"त्यांना कोण हात लावतंय?" वन्सं म्हणाल्या. "मी गाडीचं बोलतेय."

शनिवारी त्या गॅरेजला निघाल्या तेव्हा मी चपला घालून आधीच गाडीत बसले. मी मागे बसते, चालवणाऱ्याच्या बरोब्बर पाठीमागे. तिथून मी त्यांच्या आरशात दिसत नाही.

"तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?"

"तुम्ही काय करताय ते तरी कळेल."

गॅरेजवाला वन्संचाच जुना विद्यार्थी निघाला. पोट सुटलेला, पिकल्या मिशांचा माणूस, पण वन्सं आत शिरल्याबरोबर त्याने हातातली विडी विझवली. टेबलावर सामान मांडून तो एकेक दाखवू लागला.

"सगळ्यात सोपं म्हणजे बाई, आहे तीच स्प्रिंग कापायची. पण मग गाडी उड्या मारते."

"कापाकापी नको. तुमच्यासारख्यांनी ठोकून ठोकून तिचे काय कमी हाल केलेत?"

तो कसनुसा हसला. "मग तयार आखूड स्प्रिंग. पण जुन्या शॉकअपना ती झेपत नाही, ते लवकर जातात. किंवा हा पूर्ण सेट घ्या. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, अंगावर आटे आहेत. ही रिंग फिरवली की पाहिजे तेवढी खाली. प्रत्येक चाकाला वेगळी उंची लावता येते. आणि हा हवेचा. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा. बटण दाबलं की गाडी खाली, दाबलं की वर."

वन्संनी फुगा हातात घेतला होता. त्यावरून बोट फिरवत होत्या. मी न राहवून विचारलं, "म्हणजे चढता-उतरताना वर करता येईल?"

"येईल की, काकू."

वन्संनी फुगा टेबलावर ठेवला.

"वन्सं, हाच घ्या."

"बटणावर वर-खाली होते ती दवाखान्यातली खाट. मला गाडी हवी आहे. तो आट्यांचा सेट बसव."

"मग मी काय घरात बसून आंधळं व्हायचं?"

"भाड्याची गाडी करा. दारात येते, वाकून दार उघडून देतात. तुम्हाला आवडतं तसलं."

"आणि या वयात तुम्ही कुणासाठी नटताय एवढ्या?"

गॅरेजवाला पाना शोधायला टेबलाखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही.

वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जन्मभर लोकांनी मला मागून हॉर्न मारले, वहिनी. सरक, सरक म्हणून. हळू चालणारी, पाटीवाली गाडी. आता या गाडीत कुणी शिकायचं नाही. लोकांनी एकदा तरी थांबून बघायचं."

हे मला समजलंही असतं. पण लगेच पुढे म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही उभ्या जन्मात कुणाला वाट दिलेली नाही."

परत यायला दुसरी सोय नव्हती, म्हणून काम संपेपर्यंत मी बाकावर बसून राहिले. चाकं लागली, गाडी जमिनीवर टेकली. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, आता रोज बसता तशा बसा. वजन धरून उंची लावतो."

वन्सं गेल्या आणि डाव्या सीटवर बसल्या. पाय ब्रेकवर.

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. त्याला त्यांनी ज्या काळी शिकवलं होतं, त्या काळापासून त्याची ही सवय असावी. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उभ्या गाडीत त्या दुसरीकडे बसलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. तो एकेका चाकाशी बसून टायर आणि पत्र्याच्या मध्ये बोट घालून पाहत होता, रिंग फिरवत होता. वन्सं आतून म्हणत होत्या, "अजून खाली." शेवटी त्याचं बोटही जेमतेम जाऊ लागलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

परत येताना पुढच्या उजव्या चाकाकडून घर्र आवाज आला. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "नवीन आहे. बसेल."

पण तो बसला नाही. पुढचे चार दिवस मी पुढच्या खोलीच्या खिडकीतून गाडी बघत होते. वन्सं डावीकडे पेपर वाचत बसल्या की गाडी कशी सरळ, ऐटीत. त्या चालवायला उजवीकडे बसल्या की ती त्याच अंगाला कलायची. वन्सं काही हलक्या नाहीत. फाटकाबाहेर पडतानाच पुढचं उजवं चाक पत्र्याला घासायचं.

गुरुवारी सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "उंची लावून घेताना तुम्ही चुकीच्या जागी बसलात."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझी जागा तीच आहे."

"ती शिकवायची जागा. चालवता उजवीकडे बसून. गाडी परत न्या, त्याला सांगा."

"काय सांगू? बाईंना कुठे बसायचं ते कळलं नाही म्हणून? गावभर करील तो." मग म्हणाल्या, "दवाखान्यात जायचं असेल तर चला. नाहीतर चर्चा करत बसा."

मागच्या सीटवर मी बसले नाही, पडले. पहिल्या गतिरोधकावर उजवं चाक असं घासलं की दात शिवशिवले. दुसऱ्यावर जळक्या रबराचा वास आला. वन्संनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पुरती कडेला आली नाही, त्यामुळे मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. वन्संची मान लाल झाली.

"पुढे या," त्या म्हणाल्या. "डावीकडे."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हॉर्न वाजतच होते. "वजन हवंय त्या बाजूला."

"कुणाचं?"

"तुमचं. दुसरं कुणाचं मिळणार आहे मला इथे?" त्यांनी समोरच्या काचेकडेच बघत मनगट वर करून घड्याळ मला दाखवलं. "नका येऊ. डॉक्टर दहाला निघून जातात. डोळा तुमचा आहे."

मी दार धरून, छताला डोकं आपटून बाहेर निघाले आणि पुढे जाऊन बसले. गाडी सरळ झाली. मला ते अंगाला जाणवलं, त्यांनाही जाणवलं असणार. घासणं थांबलं.

पाय ठेवायला जागा शोधताना तो ब्रेक पायाखाली आला. पुढचा गतिरोधक दिसत होता आणि वन्सं वेग कमी करत नव्हत्या. मी ब्रेक दाबला. दोघींच्या माना पुढे गेल्या.

"पाय काढा."

"नाही."

"वहिनी, गाडी मी चालवतेय."

"इथे बसणारी काय करते ते मला तुमच्याकडे बघूनच समजलं."

त्या दातओठ खात राहिल्या. एका चौकात गाडी थांबली होती, तेव्हा शेजारच्या स्कूटरवरचे दोन तरुण वाकून गाडी बघायला लागले. एकाने अंगठा दाखवला. वन्संची पाठ ताठ झाली. मग त्या तरुणाची नजर आत गेली, आमच्या दोघींच्या चेहऱ्यांवर, आणि त्याने अंगठा आवरता घेतला.

दवाखान्याच्या दारात मला उठताच येईना. गुडघे छातीशी, सीट जमिनीशी. वन्सं वळसा घालून आल्या, बघत उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला नाही. शेवटी त्यांनीच माझी दोन्ही मनगटं धरली आणि पोतं ओढावं तसं मला बाहेर ओढलं. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ राहिले. डॉक्टरांनी कोट काढून हातात घेतला होता, तो परत घातला. इंजेक्शन झालं.

परत येताना सगळं धुकट होतं. मी सवयीने मागच्या दाराशी गेले. वन्संनी आतून पुढचं डावं दार उघडलं आणि धरून ठेवलं.

"पुढच्या महिन्यापासून भाड्याची गाडी करा," मी बसल्यावर त्या म्हणाल्या.

"करणार नाही. तुम्ही उंची नीट करून आणा."

"आणणार नाही."

"मग मी इथेच बसेन."

"बसा. पाय आवरा."

मी आवरला नाही. घरापर्यंत त्या प्रत्येक गतिरोधकावर अगदी वेळेवर हळू झाल्या, मला दाबायला संधी मिळू नये म्हणून. मी मात्र पाय तिथेच टेकवून ठेवला होता, आणि अंगणात गाडी थांबल्यावर त्या इंजीन बंद करून तशाच बसून राहिल्या. मी उतरावं म्हणून. मला उतरता येत नव्हतं. ते सांगायला मी थोडा वेळ घेतला, आणि ऐकू आलं हे दाखवायला त्यांनी थोडा जास्त.

संध्याकाळी डायरीत मोठ्या अक्षरात, ओळी वाकड्या जाऊ देत लिहिलं: धोब्याकडून चादरी आल्या. उशीचा एक अभ्रा कमी आहे.