मोकळ्या हौद्याची गाडी

घोडेगावच्या पेठेत आमची दुकानं समोरासमोर आहेत. माझं झेरॉक्सचं, विपुल मुथाचं किराण्याचं. माझं मी सुरू केलं. त्याचं त्याच्या पणजोबांनी. ते राजस्थानातून पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन इकडं आले होते म्हणतात. विपुल आणि मी पाचवीपासून एका बाकावर. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तो घरी जेवायला गेला आणि संध्याकाळी मला गादीवर बसलेला दिसला. त्याचे वडील, रिखबचंदशेठ, त्याला म्हणाले होते, "रिझल्ट लागेपर्यंत जरा बस." त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली.

तो वाईट दुकानदार नाही. कुणाच्या घरी कोणती चहापत्ती लागते ते त्याला पाठ आहे. पण तीन बाजूंनी माल, समोर काउंटर, आणि बाहेर यायचं तर काउंटरची फळी उचलावी लागते. त्या फळीवर नेहमी काहीतरी ठेवलेलं असतं. बाहेर पडायला तो आधी बिस्किटांचा बॉक्स उतरवतो, मग गुळाची ढेप, मग कुणीतरी गिऱ्हाईक येतं आणि तो परत बसतो. हे मी समोरून रोज बघतो.

वर्षातून दोनदा मात्र तो सुटायचा. हिरड्याच्या हंगामात भाड्याचा टेम्पो घेऊन आहुप्याला हिरडा आणायला जायचा. डिंभे धरणाच्या कडेकडेनं रस्ता वर चढतो. त्या दिवशी परत आला की त्याचा आवाजही मोठा झालेला असायचा.

गेल्या श्रावणात एके दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि फोन पुढं धरला. एका नव्या कंपनीची विजेवर चालणारी पिकअप. अगदी साधी. रंग नाही, टेप नाही, काचा हातानं फिरवायच्या. पुढं दोन सीट आणि मागं रिकामा हौदा. बाकी जे हवं ते आपण निवडायचं, कंपनी बसवून देणार. गाडी अजून बाजारात यायची होती; बुकिंग सुरू झालं होतं.

"मागं काय बसवणार?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही रे. मोकळा हौदा." मग हळूच म्हणाला, "मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं. वरच्या गावांतल्या दुकानदारांना त्यांची पोती मी स्वतः नेऊन टाकीन. पोती उतरली की दिवस माझा."

फॉर्म माझ्याच कॉम्प्युटरवर भरला. मोबाइल नंबर विचारला तेव्हा त्यानं सवयीनं दुकानाचा नंबर सांगितला. तो फोन असतो बापूजींच्या, म्हणजे रिखबचंदशेठच्या, खिशात. गॅस, बँक, पोराची शाळा, सगळीकडं तोच नंबर. त्यानं पुढं काय होईल ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ओटीपी आला, तो पळत जाऊन बघून आला. पण संध्याकाळी त्याच फोनवर "अभिनंदन!" असा मेसेज आला आणि बापूजींनी तो दुकानात मोठ्यानं वाचला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत माझ्याकडं आले आणि गाडीची सगळी माहिती छापून घेऊन गेले.

"पोरानं डोकं लावलं," मला म्हणाले. "पण मोकळी गाडी काय कामाची? आपण फिरतं दुकान करू."

मग रोज एक दुरुस्ती. हौद्यावर बंद बॉडी. एका अंगाला शटर. आत दोन्हीकडं कप्पे, वजनकाट्याला जागा, खाली ड्रॉवर. उगमबाई, विपुलची आई, खाली येऊन म्हणाल्या, "बायका उन्हात उभ्या राहतील, शटरबाहेर छत लावा. आणि देवाच्या फोटोला एक कोनाडा." प्रत्येक वेळी विपुल "हो" म्हणाला. माझ्या स्क्रीनवर एकेका खुणेसरशी त्या गाडीचं चित्र बदलत गेलं. एकदा तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"बसायचं कुठं?" त्यानं विचारलं.

मी दाखवलं. कप्प्यांच्या मधोमध एक स्टूल होतं.

"आणि बाहेर यायला?"

छापलेल्या कागदावर तिथं बापूजींनी पेन्सिलीनं एक उचलायची फळी काढली होती.

पौषात आहुप्याचे कुशाबा सामान न्यायला आले. काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाले, "शेट, दर मंगळवारी गाडी घिऊन येणार म्हनं? लई बरं व्हईल बघा. आमच्या कोंडाबाईला गुडघ्यापायी यष्टीत चढता येत न्हाई. मी समद्या गावाला सांगून ठिवलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मोठ्या शेटनी. दुसरं कोन सांगनार?"

विपुल हसला. ते हसणं मला समोरून दिसलं आणि आवडलं नाही.

मग कंपनीची मेल आली. पंधरा दिवसांत बुकिंग पक्कं करा किंवा रद्द करा. तो दुपारी माझ्याकडं आला. म्हणाला, "रद्द कर."

"नक्की?"

"इथं निदान पंखा आहे. तिथं मी त्याच खोक्यात बसणार, फक्त खोकं पन्नास किलोमीटर लांब नेऊन. कर रद्द."

मी बटण दाबलं. ओटीपी पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं.

दोघांनीही पलीकडं बघितलं. रस्त्यापलीकडं बापूजी खुर्चीत बसून खिशातला फोन काढत होते. विपुल एक्केचाळीस वर्षांचा आहे. पोरगं आठवीत आहे. तो रस्ता ओलांडून गेला. पेठेतला रस्ता काही रुंद नाही, मला सगळं ऐकू येत होतं.

"बापूजी, एक ओटीपी आलाय का?"

"आलाय. कशाचा?"

"गॅसचा असेल."

बापूजींनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. "इथं तर कॅन्सलेशन लिहिलंय. गाडीचं नाव आहे." त्यांनी मान वर केली. "का रे? शटरचा रंग आवडला नाही? बदलू की."

त्यांना खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.  तेवढ्यात एक बाई साबुदाणा मागायला आली, विपुलनं फळीवरचा बॉक्स उचलला आणि आत गेला. इकडं माझ्या स्क्रीनवर वेळ संपल्याचं आलं.

पुढचं त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. जेवण झाल्यावर रीना, त्याची बायको, वरच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितलं, "मला त्या गाडीत बसायचं नाहीये. दुकानातही बसायचं नाहीये."

"मला माहितीये," रीना म्हणाली.

"मग उद्या तू बापूजींना सांग. तुझं ऐकतात ते."

ती घडी करायची थांबली. "मी त्यांना वेगळंच विचारलंय."

"काय?"

"मंगळवारी गादीवर मी बसणार. पाठीमुळं त्यांना आता खाली बसवत नाही. तुम्ही आहुप्याला गेलात तर दुसरं आहे कोण? ते हो म्हणालेत."

रीना संगमनेरची. बीकॉमला कॉलेजात दुसरी आली होती. पंधरा वर्षं ती दुकानाच्या वर राहते, आणि दुकानात येते ती चहा घेऊन. चहा ठेवते, रिकामे कप उचलते, वर जाते. हेही मी समोरून रोजच बघत आलो; पण त्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"तू मला बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात?" ती म्हणाली. मग पुढचा कपडा उचलत, "तुम्ही इथं असलात की त्यांना माझी गरज नाही. एकच वार मागतेय मी. रद्द करू नका."

हे सांगताना विपुल माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसला होता. कागदाचा एक कपटा घेऊन त्याच्या बारीक बारीक घड्या घालत होता.

"काय करतोस मग?" मी विचारलं.

"काय करणार? तिला नाही म्हणू?" त्यानं कपटा टाकून दिला. "पक्कं कर."

तो परत पलीकडं गेला. या वेळी काही लपवलं नाही. बापूजींनी सहाच्या सहा आकडे पेठेला ऐकू जातील अशा आवाजात वाचून दाखवले.

गाडी होळीनंतर आली. उगमबाईंनी चाकांना कुंकू लावलं, बापूजींनी शटर तीनदा वरखाली करून बघितलं. महिन्याभरानं एका मंगळवारी विपुलबरोबर मीही आहुप्याला गेलो. गाडीचा आवाज होत नाही, त्यामुळं मागच्या बरण्यांचा आवाज जास्तच येतो. प्रत्येक वळणाला तो कान मागं देऊन गाडी हळू करत होता. धरणाकडं त्यानं बघितलं नाही.

गावात देवळाच्या भिंतीजवळ गाडी लावतात. शटर उघडतं ते भिंतीकडं. दहाच्या आधीच बायका येऊन उभ्या होत्या. कोंडाबाई काठी टेकत आल्या, "आलास का रं लेकरा," म्हणून त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. तो आत स्टुलावर बसला आणि तेल, साखर, हळद देत राहिला. मी गावाबाहेरच्या कड्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा तो साबण काढत होता.

"धुकं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. खाली कोकणापर्यंत दिसत होतं."

"अच्छा," म्हणाला आणि पुढच्या बाईकडं वळला.

दुपारी मोहरी संपली. गोदामात आहे का ते विचारायचं होतं. तिथं फोनला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते. आम्ही दोघं चढून गेलो. त्यानं दुकानात फोन लावला. पलीकडून रीनाचा आवाज मलाही ऐकू आला, "दुकानात गर्दी आहे हो. पाच मिनिटांनी मीच करते," आणि फोन बंद.

विपुलनं फोनकडं बघितलं. रागावला नाही. खाली गाडीभोवती बायका वाट बघत होत्या, वारा जोराचा होता. आम्ही टेकाडावरच थांबलो.

दहा मिनिटांनी फोन आला. मोहरी होती. "आणि ऐका," रीना म्हणाली, "गुरुवारचा माल मी मागवून टाकलाय. बापूजींना विचारत बसू नका."

"बरं," तो म्हणाला, आणि टेकाड उतरायला लागला.