थंड नळीवरचा दाब

दर रविवारी राजोडीच्या बसमध्ये एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. मांडीवर सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा पुडा, आणि बोटं सारखी त्याची गाठ तपासत असायची. अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर अणुभट्टीतल्या झिर्कोनियम धातूच्या नळ्या तपासल्या, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

"गरम असते तोवर नळी आत शिरलेला हायड्रोजन निमूट पचवते. गार झाली की त्याचे ठिसूळ पापुद्रे धरतात. मग जोर पडला की तडा. म्हणून आधी तापवायची, मगच दाब वाढवायचा."

राजोडीला त्यांची मुलगी राहते. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गृहस्थ माझ्यासोबतच तिच्या स्टॉपवर उतरत, घराकडे बघत उभे राहत आणि पुड्यासकट परतीची बस पकडत.

"बेल का वाजवत नाही?" मी विचारलं.

"एकदम दाब नको, मॅडम. आधी ऊब."

"मुलगी आहे ती, नळी नाही. आणि रस्त्यावर उभं राहून कसली ऊब?"

"प्रक्रिया संथ असते."

गेल्या रविवारी आम्ही उतरलो, तर मुलगी ओल्या हातांनी स्टॉपवरच उभी.

"बाबा, सगळी आळी विचारते, हा माणूस कोण म्हणून. भांडायचं तर घरात येऊन भांडा." तिने पुडा ओढून घेतला आणि चालू लागली.

गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. इतक्या झपाट्याने दाब वाढला तर काय करायचं, हे त्यांच्या नियमांत नसावं. मी पाठीला हात लावून त्यांना पुढे लोटलं.