तीन बोटांचा हात

कारखान्याच्या फाटकावरच्या सभेत अल्फॉन्स कोस्माला आपला हात नेहमी सगळ्यांच्या शेवटी वर करायचा. युनियनचा पुढारी तो. आपला हात आधी दिसला तर पोरं विचार न करता आपापले वर करतील, असं त्याचं म्हणणं. पण एकदा वर गेला की तो कोणाचा हे विचारावं लागत नसे. लोखंडाच्या पट्ट्या लाटणाऱ्या यंत्राने त्या हाताची दोन बोटं नेली होती.

माझी टपरी पोहायच्या तलावाच्या दारासमोर. बिअर, सिगारेटी, ओल्या केसांच्या पोरांसाठी गोड गोळ्या. नवरा खाणीच्या धुळीने गेला, तेव्हापासून टपरीवरच माझं पोट. तलाव आमच्या बापांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन खणलेला, त्यात अल्फॉन्सचाही बाप होता. दर शुक्रवारी संध्याकाळी अल्फॉन्स टपरीच्या डाव्या कोपऱ्यात येऊन उभा राहायचा. ज्याला जे बोलायचं, भांडायचं, ते तिथे. कारखान्याची शेवटची भट्टी विझली, तो नगरसेवक झाला, कोट घालू लागला, पण कोपरा सोडला नाही. साहेबांना आता बिअर पेल्यातून लागते का, म्हणून पोरं त्याला चिडवायची. तो बाटलीच तोंडाला लावायचा.

मग पालिका तलाव बंद करणार अशी कुजबुज सुरू झाली. कारखाना गेल्यावर पालिकेकडे राहिलं होतं काय? एक तर तलाव, नाही तर पाळणाघरं, हे अल्फॉन्सनेच आम्हाला सांगितलं, बाटलीवरची नजर न काढता. तलाव गेल्यावर माझ्या टपरीसमोर थांबणार कोण? हे त्याला सांगायची गरज नव्हती. घरी तो झोपत नाही, स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घालतो, असं त्याची बायको रोस्विता म्हणायची. झोप मलाही कुठे लागत होती?

तलावावर मतदान होतं त्या पालिकेच्या सभेच्या दिवशी सकाळी रोस्विता धावत टपरीवर आली. पक्षातल्या कोणीतरी त्याला वाट सुचवली होती. तलाव बंद करायला मतं पुरेशी आहेत, तुझी अडचण आम्हाला कळते, मोजणीच्या वेळी जरा बाहेर जाऊन ये. ऐकून मला हायसं वाटलं. तलाव वाचणार नव्हताच, पण अल्फॉन्स तरी आम्हाला उरला असता.

मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. तलावाचा विषय निघाला तसा माझा जीव टांगणीला लागला. ऊठ, मी मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा आता. तो जागचा हलला नाही. बंद करायच्या बाजूने कोण, अध्यक्षांनी विचारलं, हात वर झाले, पुरेसेही झाले. मी श्वास सोडला. आणि मग, सगळ्यांच्या शेवटी, ती तीन बोटं वर आली.

शुक्रवारी तो येऊ नये असं मला वाटत होतं, आणि आला नाही तर काय, याचीही धास्ती. तो आला. कोपऱ्यात उभा राहिला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मी बाटली उघडून समोर ठेवली.

"बाहेर का नाही गेलास?" मी दबक्या आवाजात विचारलं. "मुतायला जायचं होतंस की. कोण हिशेब मागणार होतं?"

"आणि आज इथं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?"

"या तोंडाशी तरी कोण बोलतंय?"

"नको बोलू देत," तो म्हणाला. "शिव्या कुणाला घालायच्या, ते तरी कळलंय त्यांना."

मला त्याचा भयंकर राग आला. घरी जा, असं मात्र म्हणवलं नाही.

उन्हाळा संपताच तलावातलं पाणी सोडून दिलं. मी टपरी मोडायला काढली. गंजलेलं शटर काही केल्या निघेना. कोणाला हाक मारावी कळेना, म्हणून तशीच उभी राहिले. शुक्रवार होता. अल्फॉन्स आला, कोट काढून कुंपणावर टाकला, आणि त्या तीन बोटांनी एकेक स्क्रू पिळून काढू लागला. मी शटर खालून धरून ठेवलं.