उजवं की डावं?

गाडीतलं मला सगळं समजतं, असा माझा सतरा वर्षांचा समज होता. तो इचोड्याला एका सकाळी संपला.

आदिलाबादला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दारात एक पांढरी गाडी आहे. (पांढरी होती. आता तिचा रंग विचारला तर घरात मतभेद होतात.) ही गाडी माझी मुलगी ऋतुजा हिच्याहून वयाने मोठी. पण मी तिचं बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो, की गल्लीतले लोक आदराने थांबत. मी आत नेमकं काय बघतो, हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं!

दिवाळीनंतर गाडी घुमायला लागली. वेग चाळीसच्या वर गेला की खालून ‘घूंऽऽऽ’ असा आवाज यायचा. ऋतुजा म्हणाली, “बाबा, विमान उडून राह्यलं का?”

“टायरचा आवाज हाय,” मी सांगितलं. पुढचे टायर मागे टाकले, मागचे पुढे. आवाज तसाच. मग मी खिडकीच्या रबरावर संशय घेतला. रबर बदललं. मग डिकीतल्या जॅकवर घेतला. जॅक घरी काढून ठेवला. शेवटी मी रस्त्याला दोष दिला. रस्ता बदलता येईना, म्हणून तपास तिथेच थांबला.

माझी बायको कुंदा हे सगळं बघत होती. तिच्या वडिलांची मुधोळला पिठाची गिरणी आहे. लहानपणापासून ती त्या गिरणीत वाढलेली.

“अहो, बेअरिंग गेलं हाय,” ती म्हणाली. “बाबाच्या गिरणीचं गेलं होतं, तवा ते आसंच घुमत होतं.”

“कुंदे, गिरणीत ज्वारी दळतेत. गाडीत मानसं बसतेत. फरक हाय!”

“फरक हाय. गिरणी रस्त्यावर पलटी होत नाही,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

अशात कुंदाच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा, साखरपुडा ठरला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मंगलला कुंदानेच लहानाची मोठी केली, म्हणजे मंगलची आई ती हीच. दुपारी दोनचा मुहूर्त. सासूबाईंची नथ कुंदाजवळ होती, ती तिने स्वतःच्या हाताने मंगलला घालायची असं दोघींचं कधीपासून ठरलेलं. “बसने जाऊ,” कुंदा म्हणाली. मी म्हणालो, “घरची गाडी असताना? लोक काय म्हनतील!” (लोक काय म्हणाले ते पुढे येईलच.)

सकाळी सातला निघालो. पुढे मी आणि कुंदा, मागे माझी आई, ऋतुजा, लाडवांचे डबे आणि नारळ. इचोडा यायच्या आधी ‘घूं’ची ‘घर्रर्र’ झाली. स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं.

“जरा उजवीकडं वळवा,” कुंदा म्हणाली. मी मोकळा रस्ता बघून वळवली. आवाज वाढला. “आता डावीकडं.” आवाज कमी झाला.

“डावं चाक!” ती म्हणाली.

“कुंदे, उजवीकडं वळलं की आवाज येऊन राह्यला. मंग चाक कोनतं? उजवं! हे तं लहान पोरालेबी समजते.”

“अहो, गाडी उजवीकडं वळली की आपन सगळे डावीकडं झुकतो. सारं वजन डाव्या चाकावर येते. वजन आलं की ते ओरडते.”

“मी ड्रायव्हर हाव का तू?”

मागून आई म्हणाली, “सुधाकर, ती बरोबर सांगून राह्यली.” आईला गाडीतलं काही कळत नाही. तिला फक्त मी कळतो.

इचोड्याला ट्रकांच्या रांगेत यादगिरी मेकॅनिकचं दुकान सापडलं. यादगिरी पान्यासारखाच सडपातळ आणि तितकाच अबोल माणूस. मी खाली उतरून, कमरेवर हात ठेवून हुकूम सोडला, “सामने का राइट. बेअरिंग डालना है.”

“साब, एक बार चक्का घुमा के देखतूं.”

“देखनेका क्या है? मैने देख लिया! हमको मुहूर्त है!”

यादगिरीने माझ्याकडे बघितलं. मग कुंदाकडे बघितलं. कुंदा आकाशाकडे बघत होती. त्याने जॅक लावला.

पुढचा दीड तास ठोकाठोकी चालली. उजव्या चाकाचं बेअरिंग इतकं घट्ट बसलेलं, की ते निघायला तयारच होईना. मीही बाह्या सरसावून मदत केली, म्हणजे कोपरापर्यंत काळा झालो. शेवटी मार खाऊन खाऊन ते बाहेर आलं. यादगिरीने त्याच्या गोळ्या तळहातावर घेतल्या. आरशासारख्या चकचकीत!

“साब, ये तो अच्छाच था.”

“था?”

“अब नहीं है. निकालने में टूट गया.”

मग नवं घालण्यावाचून इलाज नव्हता. त्याने कपाटातून एक धुळकट खोका काढला, बेअरिंग दाबून बसवलं, चाक लावलं. मी ऐटीत एक चक्कर मारायला निघालो. दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत गाडी घरघरत गेली आणि पंपापासून दुकानापर्यंत घरघरत आली.

मी खाली उतरलो. यादगिरी हातातला पाना पुसायला लागला.

मग कुंदा पुढे झाली. तिने रेशमी पातळाचा पदर कमरेला खोचला आणि डावं चाक वर उचलायला लावलं. चाकाला वर आणि खाली धरून तिने हलवलं. ‘खट खट!’ मग वाकून आतल्या स्प्रिंगवर पंजा टेकवला. “अन्ना, आता फिरवा.” यादगिरीने चाक फिरवलं.

“अहो, या. हात लावा इथं.”

मी लावला. स्प्रिंग हातात अशी थरथरत होती, की आत कुणी खडे दळत असावं. दुसऱ्या बाजूचं चाक तसंच उचलून, फिरवून तिथल्या स्प्रिंगला लावला. ती थंड, गप्प.

यादगिरीने कानाला हात लावला. “अम्मा, आप पहलेच क्यों नहीं बोले?”

“बोलली होती,” आई गाडीतून म्हणाली. “आदिलाबादपासून बोलून राह्यली.”

“बरं, मग डालो ना जल्दी लेफ्ट का!” मी म्हणालो.

“साब, इस गाडी का एकच था. वो तो राइट में डाल दिया.”

“तो राइट का निकालो!”

“निकालने में टूटता, साब.” (हे मी नुकतंच शिकलो होतो.)

त्याने आदिलाबादला फोन लावला. तिथल्या दुकानदाराने बेअरिंग बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचं कबूल केलं. बस यायची, मग ते बसवायचं, मग मुधोळ. दोनचा मुहूर्त कुठल्या कुठे गेला! तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. कुंदाने उचलला. “निघालो बाबा, इचोड्यालाच हाव,” एवढंच म्हणाली. पण फोन ठेवून तिने पर्समधली नथेची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या घडीला मी खरोखर गाडीखाली जाऊन बसायला तयार होतो.

तेवढ्यात समोरच्या हॉटेलापाशी एक जीप थांबली आणि आतून नवरदेवाची मंडळी चहाला उतरली! आदिलाबादकडूनच मुधोळला निघालेली. नवरदेवाच्या वडिलांनी मला ओळखायला जरा वेळ लावला, कारण नाकापर्यंत ग्रीस होतं.

“काय झालं, पाव्हने?”

“काही नाही. बेअरिंग.”

“आरं बाप रे! पन ओळखलं बरं तुमी. लय जनाला समजत नाही.”

मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात आई गाडीतून उतरली. “त्यानं नाही, माह्या सुनेनं ओळखलं. यानं चांगलं होतं ते तोडलं.”

पाहुण्यांनी जीपमधली माणसं सरकवून कुंदा, आई आणि ऋतुजाला जागा केली. लाडू आणि नारळही सामावले. मी सामावलो नाही. (तसा प्रयत्न कुणी केलाही नाही.)

बसने आलेलं बेअरिंग बसवून घेऊन मी साडेचारला मुधोळला पोचलो, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगती उठल्या होत्या. मंगलच्या नाकात नथ होती. कपाळावर कुंकवाखाली एक काळा ठिपकाही होता. बायका म्हणत होत्या, कुंदाने किती हौशीने दृष्टीची तीट लावली! कुंदाच्या बोटावरचं ग्रीस काही केल्या निघालं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली.

सासऱ्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “जावाईबापू, कोनत्या बाजूचं होतं?” मी म्हणालो, “आता दोन्हीकडचं नवं हाय.” त्यांनी मोठ्या मनाने मला आणखी एक लाडू वाढला.

ऊन कलताच परत निघालो. गाडी अशी चालली, जशी नवी घेतलेली. घूं नाही, घर्र नाही, काही नाही. मी समाधानाने पाठ टेकवली. मागे कुंदा, आई आणि ऋतुजा बोलत होत्या. विषय मी होतो. इतके महिने त्या आवाजात मला यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मुधोळपासून आदिलाबादपर्यंत एकूण एक शब्द स्वच्छ ऐकू आला.

तेव्हापासून मी देवाकडे एवढंच मागतो, की गाडीत दुसरं काहीतरी लवकर बिघडू दे. उजवं, डावं, कुठलंही चालेल!