कोंबडीची तीन बोटं

सुरेंग माझ्या शेजारच्या दाराची. नदीकाठी आमचं एकच लांबलचक घर, आत ओळीने दारं, प्रत्येक दारामागे एक कुटुंब आणि पुढे सगळ्यांची मिळून एक ओसरी. ही पोर सिबू शहरात शिकली आणि धरणग्रस्तांच्या कचेरीत माहितीचे आराखडे काढू लागली. आम्हाला केवढा अभिमान!

एकदा तिने ओसरीवर कागद पसरला. एका चौकटीत ‘घर’, दुसरीत ‘कुटुंब’, मधे रेघ. घराच्या टोकाला आडवी काडी, कुटुंबाच्या टोकाला तीन बोटं.

“काडी म्हणजे एक, बोटं म्हणजे अनेक,” ती म्हणाली. “एका घरात अनेक कुटुंबं. आपलं घर धरणात बुडालं की यावरूनच प्रत्येक कुटुंबाला वरच्या वसाहतीत जागा मिळणार.”

“एवढं शिकलीस ते कोंबडीचे पाय काढायला?” तिची आई म्हणाली. “खालच्या चिखलात आमच्या कोंबड्या फुकट काढतात की गं!”

आम्ही पोट धरून हसलो.

कागद राजधानीत गेला, नोंदणीचं यंत्र बनवणाऱ्यांकडे. तिथल्या मंडळींची रीत उलटी. त्यांच्यात खूण ज्या चौकटीजवळ, तिच्यातल्या एकाच्या वाट्याला समोरचे किती, ते ती सांगते. त्यांनी वाचलं, एका कुटुंबाची अनेक घरं, पण एका घरात कुटुंब एकच. त्यांना ते खटकलंही नाही. त्यांच्याकडे तसंच असतं ना!

तयार यंत्राची चाचणी सुरेंगनेच घेतली. आमच्या घराचा रिवाज असा की आधी तुआईंचं, म्हणजे आमच्या म्होरक्याचं, नाव लावायचं आणि त्या दिवशी मागे दुसरं लावायचं नाही. तुआईंचं कुटुंब झटक्यात नोंदलं गेलं. तिने हौसेने मंजुरी देऊन टाकली, आणि आम्ही भाताची दारू काढली.

खऱ्या नोंदणीला दुसरं कुटुंब घातलं, तर यंत्र म्हणालं, ‘या घरात कुटुंब आहे.’ तिसऱ्यालाही तेच. सुरेंग कचेरीतल्या साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिली.

“बाई, मंजुरी तुमचीच आहे,” साहेब म्हणाले. “आता दुरुस्ती पुढच्या धरणाला.”

वसाहतीत एक घर मिळालं, तुआईंना. बाकीचे पांगलो, जिथे भाड्याने खोली मिळेल तिथे. पाणी ओसरीवर चढलं ते बघायलाही कुणी थांबलं नाही. मला अजून संताप येतो, पण कुणावर काढू?

परवा सिबूला सुरेंगकडे गेलो. एवढीशी खोली. तिची इंदाई, म्हणजे आई, दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसली होती. शेजारचं दार बंद, समोरचंही बंद.

“इंदाई, कुणी येत नाही इथे. दार लावून घे,” सुरेंग म्हणाली.

म्हातारी हलली नाही. मग सावकाश म्हणाली, “तुझ्या यंत्राचं काही चुकलं नाही बाई. घरात कुटुंब एकच आहे.”

सुरेंगने उठून दार लावलं.