वजनकाट्याची वायर

त्या शनिवारी सकाळी आठलाच ऊन असं तापलं होतं, की खडोलीच्या कारखान्यांकडच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वारा नाही, ढग नाही. ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या केबिनमधला पंखा गरम हवाच फिरवत होता. अशा केबिनमध्ये बसणाऱ्या माझ्यासारख्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ट्रकसारखे तेच येऊन लायनीत उभे राहतात. त्या एका आठवड्यातले सांगतो.

*

आमच्या कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले, लिनक्सवाले, म्हणजे आतली यंत्रणाच वेगळी. वजनाचा प्रोग्राम मात्र जुना, एका मोठ्या कंपनीच्या फ्रेमवर्कवर बांधलेला. तो लिनक्सवर चालवायचं काम वैशालीकडे. पोरगी जळगावकडची, टोकरखाड्याच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहते.

मी विचारलं, "हे फ्रेमवर्क म्हणजे काय गं?"

"पाया, बाबा. एकाच्या पायावर बांधलेलं घर उचलून दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवायचंय."

"आणि तडे गेले तर?"

"तर मी परत जळगावला."

ती थट्टा नव्हती. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि साहेबांनी शनिवारपर्यंतच मुदत दिली होती.

*

सोमवारी पहिली पावती निघाली. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट नव्हता म्हणे. ड्रायव्हरनं पावती उलटसुलट करून पाहिली. "बेन, गाडी में माल भरा है के खिडकियां?"

वैशाली हसली नाही. जेवणाचा डबा न उघडता तिनं फॉन्ट बसवला.

*

खरा घोर पुढेच. रोज संध्याकाळी वजन बरोबर दिसायचं, आणि सकाळी पहिला ट्रक चढला की पडद्यावर शून्य. मंगळवार, बुधवार, गुरुवार. प्रोग्राम बंद करून, सगळं परत जुळवेपर्यंत दुपार व्हायची. गेटबाहेर हॉर्न.

सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुमचा लिनक्स सेकंड शिफ्टला आहे का?"

*

शुक्रवारी ती सातलाच येऊन बसली. मी नेहमीसारखा आलो, टेबलावर आडवी येणारी काट्याची वायर कॉम्प्युटरमधून उपटली, टेबल पुसलं, वायर परत खोचली. मान वर केली तर ती माझ्याकडे बघतेय.

"बाबा, हे रोज?"

"काटा बसला तेव्हापासून. जुन्या कॉम्प्युटरला कधी काही झालं नाही."

"प्रोग्राम चालू असताना वायर काढून लावली, की लिनक्स तिला नवीन नाव देतो. प्रोग्राम जुन्याच नावानं हाका मारत बसतो."

मी फडकं खाली ठेवलं. म्हटलं, साहेबांना सांगतो, चूक माझी.

"आज काही बोलू नका. उद्या फक्त समोर थांबा."

*

शनिवारी साहेब आले. काट्यावर भरलेला ट्रक, पडद्यावर आकडा. साहेब मान डोलावून निघाले, तर वैशालीच म्हणाली, "एक मिनिट, सर. बाबा, वायर काढा."

सगळं सुरळीत चाललेलं, आणि हिला हे काय सुचलं?

"काढा."

काढली. शून्य. साहेबांच्या कपाळाला आठी. वायर लावली. शून्यच. साहेब पडद्याकडे वाकून बघू लागले. मग तोच आकडा परत आला.

साहेब म्हणाले, "इसमें क्या दिखाया?"

"वायरीचं नाव पक्कं करून टाकलं, सर. कितीदाही काढा."

साहेबांनी स्वतः दोनदा काढून लावली. मग ऑफिसात फोन करून वैशालीच्या कायम नोकरीचं पत्र टाइप करायला सांगितलं.

संध्याकाळी चाळीच्या नळावर मी तिला म्हटलं, आता त्या टेबलाला मी हात लावत नाही बाई.

तिनं भरलेली बादली उचलली. "बाबा, सोमवारी नेहमीसारखं पुसा. वायर काढूनच."