मी वर्गात पोलीस बोलावले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा मूर्खपणा मी पूर्ण शुद्धीत, स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून केलेला आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मीही नवीच. नांदेडला बी.एड. करून अहमदपूरकडच्या एका खेड्यात नववीला शिकवायला लागले होते. रोज एसटीने ये-जा. पावसाने पाठ फिरवलेली. पण नवा जिल्हा, नवे अधिकारी, आता सगळं शिस्तीत चालणार, अशी माझी खात्री. जुनं उरलं होतं ते फक्त आमचे हेडमास्तर.

वर्गातली आठ पोरं सारखी खिडकीबाहेर बघायची. लांब रस्त्यावर धूळ उठली की त्यातली रुक्मिण पहिली उठायची आणि तिच्यामागे सगळी पसार. माझा धडा अर्धाच.

"सर, हे चालायचं नाही," मी हेडमास्तरांना बजावलं.

"बाई, दमानं घ्या. ती धूळ हाय ना, ती..."

"दमानं घेऊनच ही वेळ आलीय, सर."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. सरळ ठाण्यात अर्ज दिला.

जमादार आले. मी आठ नावं वाचली, त्यांनी वहीत उतरवली आणि पोरांना चावडीकडे नेलं. सगळं गाव दारात उभं. तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. वर्गातून कोणीच पळालं नाही. मला किती अभिमान वाटला, काय सांगू.

मग हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "ती टँकरची धूळ हाय, बाई. टँकर विहिरीत रिकामा होतो. आधी पोचेल त्याला पाणी. ह्या आठ जणांचे मायबाप खडी फोडायला गेलेले असतेत. आज आठ घरं कोरडी."

शाळेचा माठ रोज भरलेला असायचा. कोण भरतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. रुक्मिण भरायची.

मी धावत चावडीवर गेले, हात जोडून नावं खोडून घेतली. तिथून रुक्मिणच्या घरी. तिचे वडील, शिवलिंगअप्पा, कामावरून नुकतेच आले होते.

"पोलीस पोरीला गावातून घेऊन गेला, बाई. बस झाली तिची शाळा."

"अप्पा, चूक माझी आहे. पोरगी हुशार आहे."

"हाव, हुशार हाय. म्हणून तर विहिरीवर पहिली पोचती. वर्गात बसवली तर पाणी कोण भरणार? तुम्ही?"

आता गप्प बसायचं की नाही? पण माझी जीभ.

"हो, मी. आठही घरांचं."

अप्पांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "आठवडाभर बघू. जमलं तर पोरगी शाळेत. न्हाई तर घरी."

दुसऱ्या दिवशी धूळ उठली. वर्ग हेडमास्तरांनी घेतला आणि मी पळाले. माझा शब्द कानावर गेलेल्या जमादारांनी रांगेत आठ हंडे लावून ठेवले होते. पण विहिरीतून बादली ओढणं बी.एड.ला नव्हतं. पहिली बादली तळाशी गेली, दुसरी अर्धी आली, तीही माझ्या साडीवर. तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर रुक्मिण मला दोर धरायला शिकवायची.

आठवड्याने अप्पांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "काय गं, पाणी ओढाया येऊन राहिलं का बाईला?"

रुक्मिणने माझ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं आणि फार जबाबदारीने सांगितलं, "लई कच्च्या हायत, अप्पा. आणखी एक वर्ष बसवावं लागंल. तवर मला शाळंत यावंच लागंल."